तीनदा हललेला बॉल

बॉल जमिनीवर पडला की खालचा बाण आणि 'बी' ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची, आणि बॉल हलायचा थांबेपर्यंत सोडायची नाहीत. हे मला डोंबिवलीत मावसभावाने शिकवलं. त्याच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर लावून आम्ही पोकेमॉन खेळायचो: बॉल फेकून रानटी प्राणी पकडायचा, आणि बटणं दाबली की तो सुटत नाही असा समज. तिथे 'बी' म्हणजे कीबोर्डवरचं 'एक्स', एवढाच फरक. दादाला हे त्याच्या वर्गातल्या मुलाने सांगितलेलं, आणि त्या मुलाला त्याच्या आत्याकडच्या कुणीतरी. बरीच वर्षं मला ही आमच्या बिल्डिंगची खास विद्या वाटत होती. मग कळलं की हा खेळ जिथे जिथे पोचला तिथली मुलं हेच करत होती. कुणी 'ए' आणि 'बी' आलटूनपालटून दाबायचं, कुणी बॉल मिटताक्षणी नेमका 'ए'.

खेळाच्या कोडमध्ये यातलं काहीही नाही. हे ठामपणे सांगता येतं, कारण हौशी प्रोग्रॅमरांनी जुन्या कॅसेटींमधला (गेमच्या कार्ट्रिजला आपण कॅसेटच म्हणत आलो) सगळा कोड ओळीओळीने उलगडून ठेवला आहे. 'प्रेट' नावाच्या गटाचं यातलं काम मोठं आहे. त्यामुळे प्राणी पकडला जाण्याची शक्यता किती, हा आता तर्क लढवण्याचा विषय उरलेला नाही. कोड उघडून वाचता येतो. आणि वाचायला बसलं की त्या बटणांच्या अंधश्रद्धेपेक्षा जास्त चमत्कारिक गोष्टी हाती लागतात.

राक्षस गोळा करण्याचे खेळ पोकेमॉनच्या आधीही होते. १९८७ साली जपानमध्ये आलेल्या 'मेगामी टेन्सेई'त राक्षसांशी बोलून, घासाघीस करून त्यांना आपल्या बाजूला वळवायचं असे. १९९२च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ५'मध्ये लढाई जिंकल्यावर हरलेल्यांपैकी एखादा आपणहून सोबत यायला तयार होई. आला तर आला. दोन्हींत नशीब होतं, पण ते खेळाडूच्या हातात नव्हतं. सातोशी ताजिरी यांनी ते हातात दिलं. टोकियोजवळच्या माचिदात लहानपणी किडे पकडत हिंडलेला हा माणूस. त्याच्या मनातल्या खेळाचं आधीचं नाव होतं 'कॅप्सूल मॉन्स्टर्स'. नाणं टाकून गोल डबीतलं खेळणं बाहेर काढायची जी यंत्रं जपानभर आहेत, त्यातली ती कॅप्सूल. २७ फेब्रुवारी १९९६ला 'रेड' आणि 'ग्रीन' बाजारात आले तेव्हा कॅप्सूलचा बॉल झाला होता, आणि तो फेकायचा कधी हे खेळाडू ठरवत होता. किडा पकडायला दबकत जाणाऱ्या पोराची सगळी धाकधूक त्या एका फेकीत आली.

आता आतलं गणित. पहिल्या पिढीतलं, म्हणजे 'रेड' आणि 'ग्रीन'मधलं, गणित दोन फाशांचं आहे, आणि गेमबॉयचा प्रोसेसर आठ बिटांचा असल्यामुळे सगळे आकडे ० ते २५५ या डबक्यातच पोहतात. प्रत्येक प्राण्याला एक पकड-दर दिलेला असतो. पिजी, रॅटाटा, मॅजिकार्प अशा गल्लीबोळात भेटणाऱ्यांचा दर २५५. पिकाचूचा १९०. स्नॉरलॅक्सचा २५. मेव्टू आणि तीन दैवी पक्षी यांचा ३.

पहिला फासा बॉलचा. साधा पोके बॉल असेल तर ० ते २५५मधला एक आकडा पडतो, ग्रेट बॉलला ० ते २००, अल्ट्रा बॉलला ० ते १५०. आकडा जितका लहान तितकं बरं, म्हणजे महागडा बॉल हा मोठे आकडे काढून टाकलेला फासा आहे. प्राणी झोपलेला किंवा गोठलेला असेल आणि फाशावर २५च्या आत आकडा पडला, तर खेळ खलास. प्राणी तिथल्या तिथे पकडला गेला. विषबाधा, भाजणं, लकवा यांसाठी हीच सूट १२ची. ती सूट वजा करूनही आकडा पकड-दराच्या वर राहिला तर बॉल वाया. दराइतका किंवा त्याहून कमी निघाला तर दुसरा फासा टाकायचा, ० ते २५५चा. हा एचपीचा, म्हणजे प्राण्यात उरलेल्या जीवाचा. जीव जितका कमी तितकी या फाशाची मर्यादा वर सरकते, आणि आकडा तिच्या आत पडला तर प्राणी आपला.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. घोळ आहे तो दुसऱ्या फाशाच्या सूत्रात. तिथे भागायला ग्रेट बॉलसाठी ८ हा आकडा वापरलाय, आणि बाकी सगळ्यांसाठी १२. लहान आकड्याने भागलं की उत्तर मोठं येतं. त्यामुळे पूर्ण तब्येतीच्या प्राण्याला दुसऱ्या फाशावर ग्रेट बॉलने निम्मी संधी मिळते, तर पोके बॉल आणि अल्ट्रा बॉल या दोघांनाही जेमतेम तृतीयांश. दुकानात अल्ट्रा बॉल १२०० ला, ग्रेट ६०० ला. म्हणजे दुप्पट पैसे मोजून कमी संधी विकत घ्यायची. मला तर ही सरळ चूक वाटते. 'अल्ट्रा'साठी वेगळा भाजक लिहायचा राहून गेला असावा, असंच ते कोड वाचताना दिसतं.

उदाहरण म्हणून अ‍ॅब्रा घ्या. हा गडी पहिल्याच चालीला स्वतःला दुसरीकडे पाठवून देतो, म्हणजे दुखावायला, झोपवायला वेळच नाही. एक फेक, तीही पूर्ण एचपीवर. त्याचा दर २००. पोके बॉलने साधारण २६ टक्के, अल्ट्राने ३४ टक्के, आणि मधल्या ग्रेटने ५० टक्के. गंमत अशी की अ‍ॅब्रा पहिल्यांदा भेटतो तेव्हा दुकानात ग्रेट बॉल आलेलेच नसतात.

दुसरी भानगड आणखी मोठी. अल्ट्रा आणि पोके बॉलसाठी एचपी एक-तृतीयांशावर आला की दुसऱ्या फाशाची मर्यादा २५५ला टेकते. त्याखाली कितीही मारा, काही फरक पडत नाही. ग्रेट बॉलला तर निम्म्यावरच पुरे. आम्ही मात्र एचपीची रेघ लाल होईपर्यंत श्वास रोखून एकेक हलका फटका मारत होतो, आणि तेवढ्यात एखादा फटका जोरात बसून प्राणीच आडवा व्हायचा. त्या सगळ्या पोकेमॉनांचा बळी विनाकारण गेला.

आणि मेव्टू. त्याचा दर ३, म्हणजे पहिल्या फाशावर ०, १, २, ३ हे चारच आकडे कामाचे. अल्ट्रा बॉलच्या १५१ आकड्यांमधले चार म्हणजे पावणेतीन टक्केही नाहीत. पण झोपवला की २५ आकडे फुकट मिळतात. २९ भागिले १५१, म्हणजे १९ टक्के. आता यात दुसऱ्या फाशाचा वाटा बघा. तो मेव्टू झोपलेला पण एका ओरखड्याशिवाय धडधाकट असेल, तरी शक्यता साडेसतरा टक्के! त्याला मारमारून अर्धमेला करण्याने मिळतात ते दोन टक्क्यांहून कमी. 'रेड'मध्ये दैवी पोकेमॉन पकडायचा खरा मार्ग म्हणजे झोपेची पावडर आणि अल्ट्रा बॉलची थैली. लढाई नाहीच.

पहिल्या पिढीत बॉलचं हलणं हे निव्वळ नाटक होतं, हेही सांगायला हवं. पकडला की सुटला हे आधीच ठरलेलं असे. सुटला असेल तर 'किती थोडक्यात सुटला' हे दाखवण्यासाठी हलण्याचा आकडा मागाहून काढला जाई. निकाल लागल्यानंतर पडदा उघडायचा, तसं.

१९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'ने सूत्र बदललं आणि नव्या चुका आणल्या. भाजलेल्या, विषबाधा झालेल्या, लकवा मारलेल्या प्राण्यासाठी जी सवलत ठेवली होती ती कोडमधल्या एका चुकीमुळे लागूच होत नव्हती. झोप आणि गोठणं तेवढं चालायचं. कर्ट नावाच्या म्हाताऱ्याकडून घडवून घ्यायच्या खास बॉलांची कथा तर अजून करुण. मून बॉल हा चंद्रशिळेने उत्क्रांत होणाऱ्या प्राण्यांसाठी होता, पण कोड तपासत होता भलतीच वस्तू, भाजल्यावरचं औषध. साहजिकच तो कुणावरही चालेना. वेगाने पळून जाणाऱ्यांसाठीचा फास्ट बॉल सबंध खेळात तीनच जातींवर चालायचा. लव्ह बॉल विरुद्धलिंगी जोडीसाठी म्हणून सांगितलेला, कोडमध्ये समलिंगी जोडीला आठपट फळ द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून म्हाताऱ्याकडून बॉल आणायचा, जपून ठेवायचा आणि ऐनवेळी फेकायचा, अशा पोरांचं काय झालं असेल ते मनातच आणा.

२००२च्या 'रुबी' आणि 'सफायर'पासून मात्र गणिताला वळण लागलं. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा प्रोसेसर ३२ बिटांचा होता आणि त्याच्या बायोसमध्ये वर्गमूळ काढायची तयार सोय होती. या सोयीचा जो उपयोग केला गेला तो मला या सबंध मालिकेतला सगळ्यात सुंदर तुकडा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

आधी एक आकडा काढायचा. पकड-दर घ्या. पूर्ण एचपी असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, एचपी एकवर असेल तर जवळजवळ पूर्ण दर. मधल्या स्थितीत त्यामधलं. त्याला बॉलच्या आकड्याने गुणा: पोके १, ग्रेट दीड, अल्ट्रा २. झोप किंवा गोठणं असेल तर आणखी दुप्पट, बाकी आजारांना दीडपट. येईल तो आकडा २५५च्या वर गेला तर पकडला. नाहीतर त्याला २५५ने भागा. ही झाली शक्यता. बॅगॉनचा दर ४५. धडधाकट असताना पोके बॉल फेकला तर सहा टक्के, एचपी एकवर आणला तर साडेसतरा, आणि झोपवून अल्ट्रा बॉल फेकला तर सत्तर. एकेका कष्टाचं फळ सरळ गुणाकारात दिसतं, आणि आता लाल रेघेपर्यंत न्यायलाही अर्थ आहे.

पण खेळ ही शक्यता एका फाशात निकालात काढत नाही. त्या आकड्याचं वर्गमूळ काढतो, मग त्याचंही वर्गमूळ, म्हणजे चतुर्थमूळ. आणि त्या शक्यतेचे चार फासे एकामागून एक टाकतो. चारही जिंकले तर प्राणी आपला. चतुर्थमूळ चारदा गुणलं की मूळ आकडा परत येतो, तेव्हा एकूण हिशोब तोच राहतो. मग हा खटाटोप कशाला? तर प्रत्येक जिंकलेला फासा म्हणजे बॉलचं एक हलणं. पहिला हरला तर बॉल हललाच नाही, तीन जिंकून चौथा हरला तर तीनदा हलून फुटला. आता हलणं ही थाप राहिली नाही. पडद्यावर खरोखरच हिशोब चालू असतो आणि आपण तो बघत असतो.

याचा परिणाम मोजून बघण्याजोगा आहे. धडधाकट रॅटाटावर पोके बॉल फेकला की शक्यता एक-तृतीयांश. त्याचं चतुर्थमूळ ०.७६. म्हणजे बॉल तीनदा हललेला पाहिला त्या क्षणी प्राणी हाती लागायची शक्यता ७६ टक्क्यांवर पोचलेली असते. आता २००४च्या 'फायररेड'मधला मेव्टू घ्या. झोपलेला, एचपी एक, हातात अल्ट्रा बॉल. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. बारा भागिले २५५, म्हणजे ४.७ टक्के. इथे एका फाशाची शक्यता ०.४७. निम्म्याहून जास्त वेळा बॉल हलतही नाही. शंभरातल्या दहा फेकींत तीनदा हलतो, आणि त्या दहांतल्या पाचांहून जास्त फुटतात. तिसऱ्या हलण्यानंतरची ती अर्धी सेकंद, जिच्यात छातीत धस्स होतं, ती खरोखरच नाणेफेकीची अर्धी सेकंद असते. शिवाय हेही बघा: 'रेड'मध्ये ज्या तयारीला १९ टक्के मिळत होते त्याच तयारीला त्याच मेव्टूसाठी 'फायररेड'मध्ये पाचही मिळत नाहीत. खेळ नवा करून विकला तेव्हा डब्यावर हे कुठे लिहिलं नव्हतं.

आता ४.७ टक्के म्हणजे किती बॉल? सरासरी एकवीस. पण सरासरी हा इथे फसवा शब्द आहे. एकवीस बॉल फेकूनही ३६ टक्के खेळाडू रिकाम्या हाताचे राहतात. निम्म्यांचं काम पंधराव्या बॉलपर्यंत होऊन गेलेलं असतं, आणि दहातल्या एकाला अठ्ठेचाळीसहून जास्त लागतात. वर्गात चाळीस मुलं हा खेळ खेळत असतील तर चौघांना सत्तेचाळीस बॉल फेकूनही मेव्टू मिळालेला नसेल, आणि ते चौघे 'गेम चीटिंग करतो' असं शप्पथ घेऊन सांगतील. उलट दोघांना पहिल्याच बॉलमध्ये मिळालेला असेल. त्या दोघांनी त्या वेळी काहीतरी दाबलेलं असणारच. खालचा बाण आणि 'बी'ची विद्या कुठून जन्मली असेल ते इथे कळतं. सापशिडीत सहा पडावा म्हणून फासा हातात खुळखुळवून त्यावर फुंकर मारणारा काका, आणि ही मुलं, एकाच घराण्यातली. १९४८ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे टाकले. दाणा पडताना जे काही करत होतो त्यामुळेच तो पडला असं मानून कबुतरं गिरक्या घ्यायला, मान हलवायला लागली. बटण दाबणारा अंगठा आणि ती मान यांत मला तरी फरक दिसत नाही.

इथे एक बारीक पोटकलम आहे, आणि ते दादाच्या बाजूचं आहे. कॉम्प्युटरचा फासा खरा फासा नसतो. तिसऱ्या पिढीत ('रुबी', 'फायररेड') एका आकड्याला ठरलेल्या संख्येने गुणून, त्यात ठरलेली दुसरी संख्या मिळवून पुढचा आकडा काढतात, आणि हे चक्र सेकंदाला साधारण साठ वेळा पुढे सरकतं. तुम्ही बॉल केव्हा फेकलात त्यावर कुठला आकडा हाती येणार हे ठरतं. तेव्हा बटण दाबायला घेतलेल्या वेळाने निकाल बदलतो, हे अक्षरशः खरं आहे. फक्त तो चांगल्याकडे बदलला की वाईटाकडे, हे कळायचा मार्ग नाही. 'एमराल्ड'मध्ये मात्र हे चक्र खेळ सुरू करताना दरवेळी शून्यापासूनच सुरू होतं, आणि त्यामुळे स्टॉपवॉच घेऊन बसणारी एक जमात तयार झाली. ते लोक योग्य फ्रेमवर बटण दाबून हवा तो प्राणी हव्या त्या गुणांसह मिळवतात. हे मात्र अंधश्रद्धेत मोडत नाही. कष्टाचं काम आहे, आणि मला ते कधी जमलं नाही.

पुढच्या पिढ्यांचा हिशोब झरझर उरकता येतो. बॉलांची जत्रा तिसऱ्या पिढीपासूनच वाढत गेली: पाण्यातल्यांसाठी आणि किड्यांसाठी नेट बॉल, रात्री आणि गुहेत चालणारा डस्क बॉल, लढाई लांबेल तसा तापत जाणारा टायमर बॉल. यात सगळ्यात शहाणा क्विक बॉल. २००६च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये तो पहिल्याच चालीला चारपट फळ देऊ लागला, नंतर पाचपट. त्याने आधी लढा, मग पकडा हा क्रमच उलटा केला. दैवी पोकेमॉन समोर आला की आजचा खेळाडू आधी क्विक बॉल फेकून बघतो, मग बाह्या सरसावतो. २०१०च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'ने झोपेची दुप्पट अडीचपट केली आणि 'क्रिटिकल कॅप्चर' आणलं: कधीतरी बॉल एकदाच हलतो आणि तेवढ्यावरच निकाल. ही संधी तुम्ही आजवर किती जाती पकडल्यात त्यावर अवलंबून. तीस जातींपर्यंत ती शून्य. वर्षानुवर्षं हिंडलेल्या कोळ्याचा हात जाळं टाकताना जसा चालतो, तसा काहीसा विचार यामागे दिसतो. २०१३च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून सूत्रातल्या त्या चतुर्थमुळाचा घातांकच हलका केला. ज्या तयारीला आधी ४.७ टक्के मिळायचे तिला आता बारा मिळतात. खेळ सोपा झाला अशी ओरड जुन्या खेळाडूंनी केली. मुळात 'रेड'मध्ये १९ होते हे त्यांच्यातल्या फार जणांना माहीत नसावं.

या सगळ्यात एक गोष्ट कधी बदलली नाही. मुख्य खेळांनी टक्का कधी सांगितला नाही. इतरांनी सांगून बघितलं. २००६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स: जोकर'मध्ये सोबत्यांचा एकेक हल्ला होताना टक्का डोळ्यांसमोर चढत जातो. २०२३च्या 'कॅसेट बीस्ट्स'मध्ये राक्षस टेपवर रेकॉर्ड करून घ्यायचे असतात आणि तिथेही आकडा समोर असतो. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या 'पॅलवर्ल्ड'ने तर गोळा रोखताच प्राण्यावर टक्का छापला.   'पॅलवर्ल्ड'मध्ये विशिष्ट पुतळे जमवले की पकडायची ताकद वाढते असं सांगितलेलं, पण सुरुवातीला आतल्या चुकीमुळे ती वाढतच नव्हती. खेळाडूंनी मोजदाद करून हे उघडकीला आणल्यावर दुरुस्ती झाली. आकडा छापला म्हणजे तो खरा, असं नव्हे. पण छापला म्हणूनच तो तपासता आला, हेही तितकंच.

मला विचाराल तर टक्का लपवण्यात गैर काही नव्हतं. फेकलेला बॉल खेळातल्या खोट्या पैशांचा होता, वेळ सुट्टीतला होता, आणि 'पाच टक्के' असं लिहिलेलं वाचून तिसऱ्या हलण्याला कुणाची छाती धडधडली नसती. न कळण्यातच तो खेळ होता.

मोबाइलवरच्या 'पोकेमॉन गो'ने हे चित्र बदललं. जुलै २०१६मध्ये तो परदेशात आला तेव्हा आपल्याकडे लोक आडमार्गाने उतरवून खेळत होते. अधिकृतपणे तो डिसेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओशी हातमिळवणी करून आला, आणि जिओची, रिलायन्स डिजिटलची दुकानं पोकेस्टॉप (खेळात बॉल मिळायची ठिकाणं) झाली. इथे प्राण्याचा एचपी कमी करणं नाही, झोपवणं नाही. आहे ते बोट. बॉल गरगर फिरवून वळवून फेकला तर १.७पट, लहानशा वर्तुळात पाडला (ही 'एक्सलंट' फेक) तर सरासरी १.८५पट, सोनेरी रॅझ बेरी खायला घातली तर अडीचपट. हे सगळे गुणक एकत्र गुणून घातांकात जातात. वर्तुळाचा रंग हिरव्याकडून लालकडे जाताना प्राणी किती अवघड ते दिसतं, पण आकडा इथेही नाही. हे गुणक कंपनीने दिले नाहीत. जगभरच्या खेळाडूंनी हजारो फेकींच्या नोंदी जमवून शोधले.

'गो'मधल्या रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या छाप्यात, भेटणाऱ्या दैवी पोकेमॉनचा मूळ दर सहसा दोन टक्के. सरळ, बेरीशिवाय फेकलेला बॉल धरला तर शक्यता १.७ टक्के. सोनेरी बेरी, वळवलेला बॉल, 'एक्सलंट' फेक हे तिन्ही साधलं तर बारा. बारा बॉल हातात असतील तर सरळ फेकणाऱ्याला एकूण १८ टक्के, तिन्ही साधणाऱ्याला ८० टक्के. दर वेळी 'एक्सलंट' पडत नाही, तेव्हा बहुतेक जण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. हे मला मनापासून आवडतं. जुन्या खेळात तयारी मोजली जायची, इथे कसब मोजलं जातं. रोज संध्याकाळी बागेत फेऱ्या मारत बॉल फिरवणाऱ्या आजोबांचा अंगठा त्यांच्या नातवापेक्षा तरबेज असू शकतो, आणि तो फरक आकड्यांत उतरतो.

पण तो बारा बॉलांचा डाव मांडायला पास लागतो, आणि घरबसल्या खेळायचा रिमोट रेड पास खऱ्या पैशांनी घेता येणाऱ्या नाण्यांनी मिळतो. एप्रिल २०२३मध्ये त्याची किंमत १०० नाण्यांवरून १९५ झाली. इथे माझी न कळण्याची हौस संपते. जपानने २०१२ साली, ठरावीक संच पुरा केल्यावर बक्षीस देणाऱ्या 'कोम्पू गाचा' या पैसे भरून काढायच्या सोडतीला चाप लावला. चीनने २०१७पासून अशा सोडतींची शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षाअखेर अ‍ॅपलने आपल्या अ‍ॅप स्टोअरवरच्या लूट बॉक्सना (आत काय ते न कळता विकत घ्यायच्या पेट्यांना) तो नियम लावला. पण बॉल फेकणं ही सोडत धरली जात नाही. खेळाडूच्या बोटाचा त्यात हात आहे ना, म्हणून. बारा टक्के माझ्या बोटाचे असतील, पण मुळातले दोन टक्के कंपनीने ठरवलेले आहेत, आणि पास विकताना ते सांगता येतात. लॉटरीच्या तिकिटामागेसुद्धा बक्षिसं किती हे बारीक अक्षरात छापतात.

तेव्हा मागणी एवढीच आहे: पास विकत घ्यायच्या बटणाखाली तो मूळ दर छापावा. मेव्टूच्या गुहेत मात्र टक्का लिहू नये. तिथे जाताना पिशवीत पन्नास अल्ट्रा बॉल आणि झोपवणारा एक सोबती असू द्या.